स्वामीजींच्या चरित्रातला राजकारणी



आयोजकांनी आम्हाला विषय दिला होता 'स्वामी रामानंद तीर्थ : जीवन आणि कार्य'. या नावाची व्याख्याने आपल्या मराठवाड्यात दर सप्टेंबरात होतात. गणपती बसतात त्याच सुमाराला ही व्याख्यानेही बसतात, आणि बहुधा त्याच भावाने. म्हणून आम्ही आयोजकांच्या परवानगीने विषयाला थोडी मुरड घातली आहे. स्वामीजींचे चरित्र आज आम्ही सांगणार नाही. ते चरित्र आपण कसे लिहितो, कसे सांगतो, त्यात काय ठेवतो आणि काय गाळतो, एवढेच तपासणार आहोत. तत्त्वज्ञानाच्या माणसाला शंका काढण्याची खोड असते. ती आम्ही वर्गात इतकी वर्षं पोसली की आता जाण्यातली नाही. ऐकून घ्यावे.

आधी चरित्राचा साचा बघू. व्यंकटेश खेडगीकर नावाचा मुलगा ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीला जन्मला. असहकाराच्या दिवसांत त्याने सरकारी शाळा सोडली, पुढे टिळक विद्यापीठातून शिक्षण पुरे केले, ना. म. जोशींच्या हाताखाली कामगार चळवळीत राबला. मग उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आला, तिथे असतानाच संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाला. पुढे अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा, १९३७ ची परतूरची महाराष्ट्र परिषद, १९३८ चा स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह, तुरुंग, पुन्हा तुरुंग, १५ ऑगस्ट १९४७ ची अटक, रझाकार, सरहद्दीवरची शिबिरे, आणि १७ सप्टेंबर १९४८. निजाम शरण आला, स्वामीजी सुटले. टाळ्या. वक्ता पाणी पितो आणि आभारप्रदर्शन सुरू होते.

आता जरा हिशेब करा. त्या सप्टेंबरात स्वामीजींना ४५ वर्षे पुरी व्हायची होती. ते गेले २२ जानेवारी १९७२ रोजी, म्हणजे आणखी २३ वर्षांनी. सत्याग्रहापासून मुक्तीपर्यंतचा काळ १० वर्षांचा, आणि मुक्तीनंतरचा त्याच्या दुपटीहून अधिक. आपण १० वर्षांचे सांगतो आणि २३ वर्षे खिशात घालतो! १९५२ साली ते गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. १९५७ साली कुठून गेले? औरंगाबादहून. आपल्याच शहराचे ते ५ वर्षे खासदार होते, हे या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे? हात वर करायला सांगत नाही, घाबरू नका.

ही गळती विसराळूपणाने झालेली नाही. संताच्या चरित्राला शेवट लागतो, आणि तो शेवट कृतार्थ असावा लागतो. १७ सप्टेंबर हा तसा शेवट आहे. त्यानंतरच्या स्वामीजींच्या आयुष्यात गटबाजी आहे, हरणे आहे, दिल्लीच्या पायऱ्या आहेत, आणि एक फार मोठा निर्णय आहे, त्याकडे आम्ही येऊच. हे सगळे राजकारण्याचे आयुष्य झाले. त्यावर हार कुठे घालायचा हे आपल्याला कळत नाही.

स्वामीजींनी स्वतः १९६७ साली 'मेमॉयर्स ऑफ हैदराबाद फ्रीडम स्ट्रगल' हे पुस्तक प्रसिद्ध केले. नावाकडे लक्ष द्या. आठवणी लढ्याच्या आहेत, 'माझ्या' नाहीत. संन्याशाने 'मी' फार लिहू नये, हा संकोच नावातच दिसतो. आणि पुस्तक इंग्रजीत आहे. यावर पुष्कळ जण नाक मुरडतात, की आपल्या लोकांचा पुढारी आणि आठवणी इंग्रजीत! आम्हाला त्यात खंत वाटत नाही, उलट अर्थ दिसतो. मराठीत लिहिले असते तर वरंगळच्या कार्यकर्त्याला वाचता आले नसते, तेलुगूत लिहिले असते तर परभणीच्या. ज्या संस्थानाचा लढा होता त्या संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तीन लोकभाषा, आणि वर दरबाराची उर्दू. सगळ्यांची मिळून एक अशी भाषा लोकांकडे नव्हती. पुस्तक निघाले तोवर तर ते राज्यच नकाशावर उरले नव्हते. नसलेल्या राज्याच्या आठवणी कोणत्या भाषेत लिहायच्या, हा प्रश्न साधा नाही.

आता संन्यासाकडे वळू, कारण चरित्रकार सगळ्यांत जास्त तिथेच घसरतात. लोकमान्यांनी गीतारहस्यात संन्यासमार्गापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ, हे शेकडो पानांतून मांडले. त्या लोकमान्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकलेला तरुण संन्यास घेतो, स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतला घेतो, आणि लगेच कर्मात उडी टाकतो, हे कोडे आहे. चरित्रकार त्याला 'वैराग्य' असा एक शब्द देतात आणि पुढे जातात. आम्हाला तेवढ्यावर समाधान नाही.

संन्यास म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने काय? माणूस स्वतःचे श्राद्ध स्वतः करतो. त्याचे नाव जाते, गोत्र जाते, मिळकतीवरचा हक्क जातो. कायद्याच्या भाषेत त्याला मृत्यूच म्हणतात. आता हेच हैदराबाद संस्थानातल्या राजकारणात आणून ठेवा. तिथे आंध्र महासभा वेगळी, महाराष्ट्र परिषद वेगळी, कर्नाटक परिषद वेगळी. प्रत्येक प्रांताचे वकील पुढारी वेगळे, त्यांची जात वेगळी, त्यांचे सोयरेधायरे वेगळे. अशा ठिकाणी ज्याला जात नाही, घर नाही, मुलाबाळांची सोय लावायची नाही, ज्याचा जन्म कन्नड मुलखातला, शिक्षण मराठीतले आणि कार्यक्षेत्र सगळे संस्थान, असा माणूस मध्यभागी उभा राहतो. भगव्या वस्त्राने त्यांना मोक्ष मिळाला की नाही हे आम्हाला सांगता येणार नाही. अध्यक्षपदाला लागणारी तटस्थता मात्र मिळाली. यात आम्ही ढोंग सुचवत नाही, बरं का. वैराग्य खरे असू शकते आणि त्याचा राजकारणात उपयोगही खरा असू शकतो. दोन्ही एकाच माणसात नांदतात. आपल्या चरित्रकारांना मात्र एका वेळी एकच पेलते.

त्याच वस्त्राची दुसरी बाजू बघा. १९३८ च्या सप्टेंबरात स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. आरोप असा, की ही संघटना जातीयवादी आहे. त्याच सुमाराला आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह संस्थानात चाललेला. अशा वेळी जातीयवादाचा आरोप खोडून काढणारा पुढारी भगव्या कफनीत उभा! सरकारी वकिलाला यापेक्षा सोयीचे काय हवे? डिसेंबरात, दोनच महिन्यांत, स्टेट काँग्रेसने गांधीजींच्या सल्ल्याने सत्याग्रह थांबवला. आपला लढा त्या दुसऱ्या लढ्यांत मिसळून जाऊ नये, ही चिंता त्यामागे होती. कार्यकर्ते तुरुंगात बसले असताना सत्याग्रह थांबवणे ही लहान गोष्ट नव्हे. पुष्कळांना ते झोंबले. चरित्रांत हा प्रसंग 'गांधीजींच्या आदेशानुसार' एवढ्या तीन-चार शब्दांत उरकतात, जणू आदेश आला आणि मनात काही खळबळ झालीच नाही.

आणि तरीही, त्या कफनीतल्या माणसाने काँग्रेसला हिंदूंची संघटना होऊ दिले नाही, हे त्यांचे खरे कर्तृत्व. सिराजुल हसन तिरमिजी पहिल्यापासून स्टेट काँग्रेसमध्ये होते. 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी भारतात विलीन व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. १७ सप्टेंबरच्या भाषणांत ही नावे यायला हवीत. कधी येतात, कधी वेळ कमी पडतो.

आमचा मुख्य मुद्दा आता सांगतो. चरित्रातला स्वामी बदलत नाही. हिप्परग्याला वस्त्रे घेतली त्या दिवशी जो होता, तोच १९४८ ला तुरुंगातून बाहेर आला, असे आपण सांगतो. कागद वेगळे सांगतात. १९३८ साली स्टेट काँग्रेसची मागणी काय होती? निजामाच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. निजाम जावा असे नाही. निजाम राहावा आणि मंत्रिमंडळ लोकांना जबाबदार असावे. जुलै १९४६ मध्ये बंदी उठली. जून १९४७ मध्ये हैदराबादेत स्टेट काँग्रेसचे पहिले खुले अधिवेशन झाले, स्वामीजी अध्यक्ष, आणि मागणी आता भारतात सामील होण्याची. ७ ऑगस्ट १९४७ हा दिवस त्यासाठी पाळला गेला. आणि १९५३ ते १९५६ या काळात हेच स्वामीजी म्हणू लागले की हैदराबाद हे राज्यच राहू नये, त्याचे भाषेप्रमाणे तीन तुकडे व्हावेत. आधी निजामासह राज्य, मग निजामाविना राज्य, मग राज्यच नको. १८ वर्षांत ३ भूमिका, आणि प्रत्येक नवी भूमिका आधीच्या भूमिकेच्या मुळावर येणारी. संताने असे केले तर भक्त गोंधळतात. राजकारण्याने हे केले नाही तर तो निकामी ठरतो. स्वामीजी दर टप्प्यावर परिस्थिती वाचत होते, आणि बदलत होते. हे वाचन कसे झाले, कुणाशी भांडून झाले, कुणाचे ऐकून झाले, हीच तर चरित्राची सामग्री!

भांडणे होतीच. स्टेट काँग्रेसमध्ये एकीकडे स्वामीजींचा गट आणि दुसरीकडे बुर्गुला रामकृष्णरावांचा. स्वामीजींच्या बाजूला डावीकडे झुकलेली तरुण मंडळी, त्यांत आपले गोविंदभाई श्रॉफ. जमिनीचा प्रश्न, कुळांचा प्रश्न, लढा कुठवर न्यायचा हा प्रश्न, या सगळ्यांवर मतभेद. मुक्तीनंतर डावी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली, स्वामीजी आत राहिले. १९५२ साली निवडणुका झाल्या, मुख्यमंत्री झाले रामकृष्णराव, आणि स्वामीजी लोकसभेत. ज्याच्या नावाने लढा ओळखला जातो तो माणूस, लढा जिंकल्यावर जे राज्य आले त्याच्या सत्तेत नाही. चरित्रकार याला 'सत्तेचा मोह नव्हता' म्हणतात. नसेलही. पण दोन गटांच्या झुंजीत एक गट मागे पडला, हेही त्याच घटनेचे वर्णन आहे, आणि ते जास्त माहिती देते. जे डावे तरुण त्यांच्या भोवती होते ते निघून गेल्यावर ते किती एकटे पडले असतील, याचा विचार 'मोह नव्हता' या वाक्यात कुठे बसतो?

सरहद्दीवरच्या शिबिरांबद्दल थोडेसे, लांबवत नाही. १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसने हैदराबादच्या हद्दीबाहेर शिबिरे काढली. तिथून हत्यारी प्रतिकार झाला, नाकी जाळली गेली, १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली आणि तो पैसा लढ्याला लागला. स्वामीजी यातल्या बऱ्याच काळात तुरुंगात होते, पण संघटना त्यांची होती. यतिधर्मात सर्वांत आधी अभय येते, संन्यासी सर्व भूतांना अभय देऊन घराबाहेर पडतो. त्याची संघटना बंदुका हाती घेते तेव्हा त्याच्या मनात काय होते? तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला प्रश्न परीक्षेत मिळणार नाही. आपली चरित्रे तो ऐच्छिकलाही ठेवत नाहीत.

आता अवघड जागा. रझाकारांनी मराठवाड्यात काय केले ते इथल्या घराघराला माहीत आहे. कासिम रझवी लातूरचाच वकील. गावे लुटली, माणसे मारली, लोक घरेदारे टाकून हद्दीपार गेले. त्याचे पुन्हा वर्णन आम्ही करत नाही. ते लिहिले गेले आहे आणि लिहिले जावे. पण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या, १७ ला निजाम शरण आला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झाले ते? पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी दिल्लीच्या सांगण्यावरून नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानभर फिरले. कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांनी जपून केलेला अंदाज. सर्वांत जास्त झळ बसलेले जिल्हे त्यांनी सांगितले ते चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. आकड्यांवर वाद घालणारे घालतात. अंदाज तो अंदाज. पण जिल्ह्यांची नावे पुन्हा ऐका. उस्मानाबाद, म्हणजे हिप्परग्याचा जिल्हा, जिथे वस्त्रे घेतली तो. गुलबर्गा, म्हणजे चारच वर्षांनी ज्या मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवले तो. नांदेड, म्हणजे आज ज्या शहरात त्यांच्या नावाचे विद्यापीठ आहे तो.

त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. पुष्कळ ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवले, आणि एकाच धंद्यातल्या लोकांत हे जास्त दिसले. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना राखले. मागावर शेजारी बसणाऱ्या माणसाला धर्माआधी माणूस दिसला. हे मराठवाड्याच्या इतिहासातले सोन्यासारखे पान आहे. पण आपण ते पान उघडत नाही, कारण ते उघडायचे तर त्याच्या आधीचे पान वाचावे लागते. सप्टेंबरच्या स्मरणिका काढून बघा, शाळांतल्या पुस्तिका बघा. १७ तारखेनंतर थेट मराठवाड्याचा विकास सुरू होतो.

हे का होते? याचे एक कारण नीट समजून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी आम्हाला थोडे दूर, आर्मेनियात, जायचे आहे. आर्मेनियन लोक आपल्याला अगदीच परके नव्हेत. मुंबईच्या फोर्टात त्यांचे चर्च आहे, आणि आर्मेनियन भाषेतले जगातले पहिले नियतकालिक 'अझदरार' निघाले १७९४ साली, आपल्या मद्रासला. तर या आर्मेनियात होव्हानेस काजाझनुनी नावाचे एक राजकारणी होते. व्यवसायाने वास्तुविशारद. तुर्कस्तानात त्यांच्या लोकांचा नरसंहार झाला, रशियाचे साम्राज्य कोसळले, आणि २८ मे १९१८ रोजी आर्मेनियाचे छोटेसे प्रजासत्ताक उभे राहिले. त्याचे पहिले पंतप्रधान हे काजाझनुनी. अडीच वर्षांत ते राज्य बोल्शेविकांच्या हाती गेले. ते आधी तुरुंगात, मग परदेशात. १९२३ साली त्यांनी आपल्या दाश्नाक पक्षाच्या बुखारेस्टच्या परिषदेपुढे एक निवेदन ठेवले. त्याचा निष्कर्ष असा, की या पक्षाला आता करण्याजोगे काही उरलेले नाही, त्याने स्वतःला मिटवावे. आपण रशियावर भाबडेपणाने विसंबलो, स्वतःच्या बळाविषयी भ्रमात राहिलो आणि प्रत्येक वेळी दोष दुसऱ्यावर टाकला, असा झाडा त्यांनी स्वतःच्या पक्षाचा घेतला. ज्या पक्षात हयात गेली त्याच पक्षाच्या सभेत उभे राहून! पुढे ते सोव्हिएत आर्मेनियात परतले, तिथे वास्तुशास्त्र शिकवले, १९३७ साली अटक झाली आणि नंतर तुरुंगातच ते गेले.

पण गोष्ट इथे संपत नाही. ते निवेदन पुढे कोणी उचलले? नरसंहार झालाच नाही म्हणणाऱ्या तुर्की प्रचारकांनी. बघा, त्यांचाच पंतप्रधान काय म्हणतो, असे सांगत त्यांनी ते सोयीसारखे कापून छापले. माणसाने प्रामाणिकपणे आपल्या घराची झडती घेतली, आणि शेजाऱ्याने ती झडती चोरीचा पुरावा म्हणून फिरवली.

मराठवाड्यातला लिहिणारा हेच भितो. सप्टेंबरनंतरचे लिहिले तर रझाकारांचे वकील ते उचलतील, म्हणतील, बघा, मुक्ती कसली, कत्तल होती ती. ही भीती खोटी नाही. १७ सप्टेंबरला काय म्हणायचे, मुक्ती, विलीनीकरण की पोलीस कारवाई, यावर आजही राजकारण चालते, आणि जो शब्द निवडाल त्यावरून तुमचा पक्ष ठरवला जातो. तरीही आम्हाला वाटते की काजाझनुनींचे उदाहरण गप्प बसण्याच्या बाजूचे नाही. त्यांचे निवेदन कापून छापता आले, कारण ते जगाला पूर्ण वाचायला सहजी मिळत नव्हते. सुंदरलाल अहवाल दाबून ठेवला म्हणून ते आकडे नाहीसे झाले का? ते कुजबुजीत राहिले, आणि कुजबुजीत आकडे वाढतात. रझाकारांचे अत्याचार आणि नंतरच्या कत्तली हे दोन्ही एकाच चरित्रात, एकाच हाताने लिहिणारा माणूस हवा. एकाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही, हे त्याला ठाऊक असावे लागेल. असे लिहिणाऱ्याला दोन्हीकडून शिव्या पडतील, त्याची तयारी त्याने ठेवावी.

या बाबतीत जुन्या पिढीचे लेखन आजच्यापेक्षा धीट होते, असे आमचे मत आहे. अनंतराव भालेराव स्वतः लढ्यातले, पुढे 'मराठवाडा' दैनिकाचे संपादक. त्यांचे 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक काढा. लढणाऱ्याने लिहिलेले असूनही त्यात आरतीचा सूर नाही. नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकाचे नावच घ्या, 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन'. विमोचन सगळे सांगतात. विसर्जन हा शब्द कुरुंदकरांनी त्याच्या शेजारी आणून बसवला, त्यात आमच्या मते अर्धी समीक्षा आली. बाकी अनेक चरित्रे पहिल्या शब्दाशी थांबतात.

विसर्जनाचा तो निर्णय आता बघू. हैदराबाद हे मिश्र संस्कृतीचे राज्य म्हणून टिकावे, असे नेहरूंना वाटत होते. १९५५ च्या राज्य पुनर्रचना आयोगानेही मराठी आणि कानडी जिल्हे वेगळे करून उरलेले हैदराबाद काही वर्षे स्वतंत्र ठेवा, अशी शिफारस केली होती. त्रिभाजनाच्या बाजूने ठाम उभे राहिलेल्यांत स्वामीजी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य मोडले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, आपले पाच जिल्हे मुंबई राज्यात आले. गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी स्वामीजींचा जन्मजिल्हा विजापूर मुंबई राज्यातून निघून म्हैसूरलाच गेला. म्हणजे त्यांची जन्मभूमी एका राज्यात, कर्मभूमी दुसऱ्या, आणि ज्या शहरात बसून त्यांनी संघटना चालवली ते तिसऱ्या. आपल्या पायाखालची भूमी नकाशावरून पुसणारा निर्णय घेणारे पुढारी किती सापडतील? काजाझनुनींनी पक्षाचे विसर्जन मागितले आणि पक्षाने ते नाकारले. स्वामीजींनी आख्ख्या राज्याचे विसर्जन मागितले आणि ते झाले.

पण इथे आम्हाला स्वामीजींनाही एक प्रश्न विचारावासा वाटतो, नुसत्या चरित्रकारांना नाही. मराठवाडा महाराष्ट्रात बिनशर्त आला, हे वाक्य आपल्याकडे अर्धे अभिमानाने आणि अर्धे तक्रारीने उच्चारतात. १९५३ चा नागपूर करार होता, पण करार आणि अंमलबजावणी यांत काय अंतर पडले ते या सभागृहाला सांगायला नको. घासाघीस करणे हे राजकारण्याचे काम. संन्याशाला ते हलके वाटते. सामील होताना पाण्याचे, रेल्वेचे, नोकऱ्यांचे, विद्यापीठाचे हिशेब लिहून घेण्याच्या कामी स्वामीजींमधला संन्यासी राजकारण्याला आडवा आला का? आम्हाला वाटते, आला. ज्याने स्वतःसाठी कधी काही मागितले नाही त्याला प्रदेशासाठी मागणेही जड जाते. मागण्याची ही बाजू पुढे गोविंदभाईंनी घेतली आणि म्हातारपणापर्यंत लढवली, पण तोवर सौदा होऊन गेला होता. कुणाला हे बोलणे अनादराचे वाटेल. आम्ही त्याला आदर समजतो. ज्याला प्रश्नच विचारता येत नाही अशा माणसाला आपण मोठा म्हणत नाही, लांब ठेवतो.

१९५७ ची निवडणूक याच संदर्भात बघावी. संयुक्त महाराष्ट्राचे वारे जोरात होते, पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली, आणि इकडे औरंगाबादेतून स्वामीजी काँग्रेसचे खासदार म्हणून निवडून आले. भाषावार राज्ये मागणारा माणूस द्वैभाषिक राज्य चालवणाऱ्या पक्षाच्या तिकिटावर! ही कसरत त्यांनी लोकांना कशी समजावून सांगितली, सभांत त्यांना काय विचारले गेले, हे या शहराच्या इतिहासातले प्रकरण आहे. आमच्या माहितीच्या संशोधकांपैकी कुणी तरुणाने ते हाती घेतले तर त्याला पाच वर्षांचे काम मिळेल. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली अजून शाबूत आहेत, वाळवीच्या आधी पोचावे.

१९९४ च्या १४ जानेवारीला इथल्या विद्यापीठाला डॉ. बाबासाहेबांचे नाव लागले, आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ झाले. योग्यच झाले. मात्र त्यानंतर स्वामीजी हे गुणपत्रिकेवरचे नाव झाले. नांदेडच्या मुलांना विचारा, ते म्हणतात, "सर, एसआरटी." तीन अक्षरांत सगळा माणूस बसवला!

१९६२ नंतर स्वामीजी निवडणुकीच्या राजकारणात राहिले नाहीत. शेवटची वर्षे त्यांनी काढली हैदराबादेत, आणि तिथेच ते गेले. समाधी बेगमपेठेत आहे. जे राज्य मोडायला निघाले त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना शेवटी राहावेसे वाटले. मराठवाड्यात का नाही, सिंदगीकडे का नाही? चरित्रे यावर बोलत नाहीत. आमचा तर्क असा आहे की तीन भाषांची माणसे एकत्र भेटतील असे गाव त्यांना दुसरे उरले नव्हते. वरंगळचा भेटायला येई, बिदरचा येई, अंबाजोगाईचाही येई. तेलुगू मुलखातले पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरुस्थानी मानत, आणि तिथले स्मारक उभे राहण्यात त्यांचाच पुढाकार होता.

आमची वेळ संपत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. प्रश्नोत्तरांना वेळ ठेवला आहे. लोहारा, उमरगा, हिप्परगा या भागातून कुणी आले असतील, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून १९४८ च्या त्या दोन-तीन महिन्यांबद्दल काही ऐकले असेल, कुणी कुणाला मारल्याचे किंवा कुणी कुणाला कणगीत लपवून वाचवल्याचे, तर त्यांनी आधी बोलावे. आमच्यावरची टीका नंतर घेऊ. ध्वनिमुद्रण चालू आहे, नावे सांगायची नसतील तर सांगू नयेत, गावे तेवढी सांगावीत.